निळ्या चेंबरचं तोरण

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी एका यंत्राला झेंडूचं तोरण बांधलं आणि एका मुलीची पाच वर्षांची मेहनत त्यात अडकवून टाकली. या अंकाच्या संपादकांनी "नोकरीतल्या गमती लिहा" म्हणून सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत. नोकरीत मी काम कमी आणि गमतीच जास्त केल्या, असं आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम माझ्या निरोपसमारंभात हसत हसत म्हणाल्या होत्या. हसत म्हणाल्या, म्हणून टाळ्या पडल्या. पण या एका गमतीला मला अजून हसता आलेलं नाही. तेव्हा तीच लिहितो.

मी हैदराबादच्या एका वनस्पती संशोधन संस्थेत टेक्निशियन होतो. काचीगुड्यातले आमचे नातेवाईक विचारायचे, "तुम्ही तिथं नेमकं करता काय?" मी म्हणायचो, "झाडांना उजेड देतो." यावर आमचे मेहुणे दरवेळी विचारत, "का, सूर्यानं राजीनामा दिला का?" बाहेरच्या माणसाला समजेल असं थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढं मी काय घाण केली ते नीट कळेल.

मोरपंखी तुम्ही पाहिली आहे. हैदराबादेत प्रत्येक सरकारी कचेरीच्या फाटकाशी दोन असतात, शिपायासारख्या उभ्या. लहानपणी आम्ही तिची चपटी डहाळी पुस्तकात ठेवायचो, विद्या येते म्हणून. मी गणिताच्या पुस्तकात इतक्या ठेवल्या की पुस्तक मिटायचं नाही. गणित काही आलं नाही, पण पुस्तक उघडलं की छान वास यायचा. तर ही मोरपंखी म्हणजे चीड-देवदारांची भाऊबंद. या सगळ्या सूचिपर्णी झाडांच्या अंगात राळ असते आणि राळेचा तो टर्पेंटाइनसारखा, कुठं लिंबासारखा वास असतो. झाड उजेड खातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते उजेड वाचतंही. वर मोकळं आकाश आहे की दुसऱ्या झाडाची सावली, ऊन कडक आहे की कोवळं, हे त्याला उजेडाच्या रंगावरून कळतं आणि त्याप्रमाणे ते आपला वास कमी-जास्त बनवतं. कुठल्या रंगाच्या उजेडात कुठला वास किती बनतो, हे शोधायचं काम आमच्याकडे चाललं होतं.

काम होतं श्रवंतीचं. नलगोंड्याकडची मुलगी, पीएचडीचं पाचवं वर्ष. बोलायची तेलुगूत, मी उत्तर द्यायचो माझ्या मोडक्या तेलुगूत, अडलं की दोघंही दखनीवर, म्हणजे हैदराबादी हिंदीवर यायचो. इथं मी सगळं मराठीत लिहितोय, तेवढी मोकळीक घेतो. मला ती 'अंकल' म्हणायची. रोज सकाळी आली की आधी रोपांपाशी जायची आणि मग चहाला.

आमच्याकडे चार चेंबर होते. चेंबर म्हणजे मोठ्या कपाटाएवढी थंड पेटी. वर दिव्यांचं पॅनल, मध्ये रोपं, खाली पुढच्या बाजूला जाळी. जाळीतून पंखा खोलीतली हवा ओढतो, ती गार होऊन रोपांवरून फिरते. एकात पांढरा उजेड, एकात लाल, एकात निळा, चौथ्यात पांढऱ्याबरोबर किंचित अतिनील. रोपं सगळी एकाच मोरपंखीच्या फांद्यांपासून केलेली, म्हणजे घराणं एकच. जिवंत डहाळीवर काचेची घंटा बसवायची, आतली हवा बोटाएवढ्या नळीतून ओढायची, नळीतली भुकटी वास धरून ठेवते. ती नळी यंत्राला लावली की यंत्र एकेक वास वेगळा काढून पडद्यावर डोंगर काढतं. जितका वास जास्त, तितका डोंगर उंच.

यंत्र भलतं तिखट नाकाचं. आमचे करीमभाई, म्हणजे संस्थेचे एसी आणि विजेचे मिस्त्री, त्यांनी एका ईदला माझ्या मनगटाला अत्तर लावलं. मी तसाच नळ्या हाताळायला बसलो. मॅडमनी पडद्याकडे पाहून विचारलं, "कदम, मोरपंखीला गुलाब कधीपासून यायला लागले?" तेव्हापासून दोन वर्षं मला संस्थेत 'गुलाबराव' म्हणत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. राळ झाडाच्या अंगात साठलेली असते. गरम झालं की तो साठलेला वास आपोआप जास्त सुटतो, उजेड कुठलाही असो. म्हणजे तुम्हाला उजेडाचा परिणाम बघायचा असेल तर चारही चेंबरांत उष्णता अगदी सारखी हवी. नाहीतर डोंगर उंच झाला तो उजेडानं की उष्म्यानं, देव जाणे. यासाठी एक पक्का नियम होता. दर सोमवारी दिव्यांची पॅनलं आणि त्यांच्याखालची रोपं एका चेंबरातून दुसऱ्यात हलवायची. निळं पांढऱ्याच्या जागी, पांढरं लालच्या जागी, असं. एखाद्या चेंबरमध्येच काही खोड असेल तर ती सगळ्या रंगांना सारखी वाटली जाते. हलवलं की रजिस्टरात बरोबरची खूण करायची आणि पुढं आद्याक्षरं. हे काम माझं. आद्याक्षरं माझी.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. इथले लोक आयुधपूजा म्हणतात. बतुकम्माचे, म्हणजे इथल्या फुलांच्या सणाचे दिवस, चिक्कडपल्लीच्या बाजारात फुलांचे नुसते डोंगर. मी झेंडू आणि आंब्याची पानं घेऊन तोरणं केली. तीन चेंबरांना आखूड तोरणं. त्या आठवड्यात निळा उजेड होता त्या चेंबरनं मात्र त्या वर्षी तीनदा दगा दिला होता, करीमभाईंनी त्याचा पंखा, मग वायर, मग पुन्हा पंखा बदलला होता. ज्याचा त्रास जास्त त्याला नैवेद्य मोठा, या हिशेबानं मी त्याला घसघशीत तोरण बांधलं. वरच्या झाकणावर आडवं, आणि दोन्ही बाजूंनी खाली जमिनीपर्यंत सोडलेली टोकं.

करीमभाई म्हणाले, "क्या कदम साब, मशीन की शादी है क्या?"

"रिश्वत है मियाँ," मी म्हटलं. "अब बिगडेगा नहीं."

श्रवंतीनं फोटो काढला. हा फोटो पुढं लागणार आहे.

मग पहिला सोमवार आला. पॅनल हलवायचं तर वरचं झाकण उघडायला हवं. झाकणावर तोरण. आमच्या आईचा दंडक होता, दसऱ्याचं तोरण तुळशीच्या लग्नापर्यंत उतरवायचं नाही. आई जाऊन बारा वर्षं झाली, पण तिचा दंडक माझ्यावर शाबूत आहे. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या पॅनलचे स्क्रू जाम झालेले असत आणि माझी कंबरही. मी विचार केला, एक आठवडा नाही हलवलं तर काय मोठंसं? चारही चेंबरांचे आकडे बाहेरच्या पडद्यावर चोवीसच्या चोवीस दिसताहेत. रजिस्टरात खूण केली. पुढं आद्याक्षरं घातली. दुसऱ्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी तर मी पॅनलांकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी खूण केली आणि मग चहा प्यायलो.

त्या तीन आठवड्यांतच श्रवंतीनं शेवटची मापं घेतली. आणि निळ्या उजेडातला डोंगर असा काही उठला की मॅडम खुर्चीतून उठल्या. पांढऱ्याच्या जवळजवळ दीडपट. चार वर्षं रखडत चाललेल्या प्रयोगाला एकदम रंग चढला. दिवाळीनंतरच्या सोमवारी, अकरा वाजता, समितीपुढं तिचं अखेरचं सादरीकरण ठरलं. ते झालं की प्रबंध द्यायचा. बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत तिला जानेवारीत रुजू व्हायचं होतं, तेही याच्यावरच.

त्याआधीच्या शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, "कदम, सोमवारी बाहेरचे लोक येणार, ते सुकलेलं काढा आता."

मॅडमचा हुकूम आईच्या दंडकापेक्षा मोठा, म्हणून मी तोरण उतरवलं. टोकं ओढली तर हाताला काहीतरी मऊ लागलं. वाकून पाहिलं. खालच्या जाळीवर सुकलेल्या पाकळ्यांची गादी बसली होती, वीतभर रुंद. पंख्यानं तीन आठवडे एकेक पाकळी ओढून घेतली होती आणि तोरणाची टोकं पुढं असल्यामुळे ती कुणाला दिसली नव्हती. मी जाळीपाशी तळहात धरला. हवेची ओढ जवळजवळ नव्हतीच.

त्या क्षणी मला सगळं कळलं असं लिहिलं तर शहाणपणा दिसेल. तसं काही नाही. मी आधी म्हटलं, बरं झालं, फुलं किती दिवस टिकली. मग सहज म्हणून आतल्या रोपांत हात घातला आणि हात तसाच राहिला. आत गरम होतं.

बाहेरचा पडदा चोवीस सांगत होता. तो सांगणारच, कारण त्याचा काटा थंड हवेच्या तोंडाशी बसवलेला. तिथं होती तेवढी हवा गारच होती, पण रोपांपर्यंत ती पोचतच नव्हती. मी साधा काचेचा थर्मामीटर पानांत खुपसला आणि उभा राहिलो. पारा चढायला लागला. सव्वीसला थांब, मनात म्हणत होतो, सत्तावीसला तरी थांब. एकोणतीसला थांबला.

करीमभाईंना बोलावलं. त्यांनी गुडघ्यावर बसून पाकळ्या पाहिल्या, पंख्याचा आवाज ऐकला. मग माझ्याकडे पाहिलं.

"कब से है?"

"दसरे से."

"परसों?"

हैदराबादेत काल सोडून मागचं सगळं परसोंच असतं. "हौ, परसों," मी म्हटलं.

"बच्ची को बोले?"

"नक्को मियाँ, पहले देखते. साफ करके नाप लेते. शायद कुछ फरक नहीं पडता."

"फरक नहीं पडता तो आप का मुँह ऐसा कैकू?"

पाकळ्या मी एका प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या. का भरल्या, कुणास ठाऊक. फेकून दिल्या असत्या तर कुणालाच कधी कळलं नसतं, हा विचार मात्र भरताना दोनदा आला, हे लिहून टाकतो.

शनिवारी सुट्टी. मी गेलो. रात्रभर जाळी मोकळी होती, पानांतला पारा चोवीसला आला होता. मी काचेची घंटा बसवली, नळी लावली, हवा ओढली, नळी यंत्रात घातली आणि पडद्यासमोर बसलो. यंत्राला एक फेरी पूर्ण करायला पाऊण तास लागतो. एवढ्या वर्षांत मी त्या पाऊण तासात झोपा काढल्या, शब्दकोडी सोडवली. त्या दिवशी मी रेषेकडे डोळे लावून बसलो होतो. रेष सपाट चालली होती. मोठा डोंगर यायची वेळ झाली. आला. पांढऱ्याएवढाच. दोन रोपं, तीन रोपं, तेच. दीडपट गेली होती. तिचा सगळा प्रबंध ज्या डोंगरावर उभा होता, तो माझ्या झेंडूनं घातलेल्या उष्म्याचा होता.

चौथी फेरी, पडताळ्यासाठी पांढऱ्याची, चालू असताना दार उघडलं आणि श्रवंती आत आली. हातात डबा. मी पडद्यासमोर खुर्ची सरकवून बसलो, पाठीनं पडदा झाकायला. माझी पाठ पडद्यापेक्षा अरुंद आहे हे तेव्हाच कळलं.

"अंकल! सुट्टीच्या दिवशी?"

"सहज. यंत्र बंद पडू नये म्हणून."

"तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते," ती म्हणाली. डबा उघडला. आईनं गावाहून पाठवलेल्या कज्जिकायलु, म्हणजे आपल्या करंज्याच, आत तीळगुळाचं सारण. "घ्या. पहिली तुम्हाला. सोमवारी बाहेरचे सर नक्की विचारणार की दीडपट आली ती चेंबरच्या खोडीमुळे तर नाही. मी तुमचं रजिस्टरच दाखवणार. दर सोमवारची खूण आहे, तुमची सही आहे. आणखी काय पाहिजे?"

मी करंजी घेतली. अख्खी तोंडात घातली, म्हणजे बोलावं लागणार नाही. तिनं विचारलं, "गोड झालीय?" मी मान हलवली. ती म्हणाली, "सोमवारी पहिल्या रांगेत बसा हां अंकल. तुम्हाला बघितलं की मला भीती वाटत नाही." आणि गेली. मी ती करंजी गिळायला घेतलेला वेळ यंत्राच्या एका फेरीपेक्षा फार कमी नसावा.

रविवारी सकाळी बायकोनं विचारलं, "पोट बिघडलंय का?"

मी सगळं सांगितलं. ती नेहमी माझ्या फजित्यांना हसते. त्या दिवशी हसली नाही. म्हणाली, "पाकळ्यांचं एक वेळ चालेल, कुणाच्याही हातून होईल. पण खुणा केल्यात ना तुम्ही? जा आणि सांगून या. आत्ता."

श्रवंती चिक्कडपल्लीला मुलींच्या वसतिगृहात राहायची. काचीगुड्याहून मी चालत गेलो, बसनं लवकर पोचलो असतो म्हणून. फाटकाशी वॉचमननं अडवलं. "जेंट्स अलाऊड नै." आयुष्यात कुणी अडवल्याचा मला इतका आनंद झाला नव्हता. मी त्याचे आभार मानले. तो चक्रावला. खिशात फोन होता, तिचा नंबर होता, तिला खाली बोलावणं एका मिनिटाचं काम. मी कोपऱ्यावर इराणी चहा घेतला आणि घरी येऊन बायकोला म्हटलं, "आत सोडलं नाही." तिनं नुसतं माझ्या खिशातल्या फोनकडे पाहिलं.

सोमवार. दहा वाजता मी संस्थेत होतो. हातात रजिस्टर, शनिवारचे कागद आणि पाकळ्यांची पिशवी. दहा दहाला ती सभागृहात पेनड्राइव्ह लावत होती. इस्त्रीची साडी, केसांत मोगरा. मी दारात उभा. दहा पंधरा. आता आत जावं. कुणीतरी माईक तपासत होतं, मी म्हटलं, हा जाऊ दे. दहा वीस. तो गेला. दहा पंचवीसला मी आत गेलो आणि पिशवी तिच्या टेबलावर ठेवली.

"हे काय अंकल, प्रसाद?"

मी सांगितलं. माझं तेलुगू एरवीच मोडकं, त्या दिवशी क्रियापदंही पळाली. तरी तिला कळलं, कारण तिनं शनिवारचे कागद हातात घेतले आणि मोठ्या डोंगरावर बोट ठेवलं. मग तिनं तीनच प्रश्न विचारले.

"पानांपाशी किती होतं?"

"एकोणतीस."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून असेल. हळूहळू."

"आणि पॅनलं?"

"हलवली नाहीत. एकदाही."

ती रजिस्टरातल्या तीन खुणांकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "श्रवंती, मी..." ती म्हणाली, "परवालेदु." आपण 'असू दे, चालतं' म्हणतो तसं. पाय लागला, चहा सांडला की इथं सगळे म्हणतात. तिनं ते माझ्याकडे न पाहता म्हटलं. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिथंच बसून खाल्ल्या असत्या.

मॅडम आल्या, त्यांना कळलं. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "शुक्रवारी कळलं? आणि आज सांगताय?" एवढंच. मग श्रवंतीला म्हणाल्या, "पुढं ढकलू या. तब्येतीचं कारण सांगते मी."

श्रवंती म्हणाली, "लोक आलेत, मॅडम. मी बोलते."

अकराला ती उभी राहिली. मी पहिल्या रांगेत बसलो, कारण तिनं सांगितलं होतं, आणि दुसरीकडे बसायचं तोंड नव्हतं. पहिली वीस मिनिटं ती ठरल्याप्रमाणे बोलली. मग पडद्यावर तो दीडपटीचा डोंगर आला. समितीतले बाहेरचे सर, पांढऱ्या मिशांचे वयस्क गृहस्थ, पुढं झुकले. श्रवंती थांबली. म्हणाली, "ही आकृती चुकीची आहे. मला हे तासाभरापूर्वी कळलं." आणि तिनं आयुधपूजेला काढलेला तो तोरणाचा फोटो मोठा करून दाखवला. लांब टोकं, मागं जाळी. कारण सांगितलं. हवा, उष्मा, साठलेला वास. शनिवारचे कागद पुढं दिले.

सरांनी रजिस्टर मागवलं, चष्मा वर केला.

"यात तर पॅनलं दर आठवड्याला हलवल्याची खूण आहे. हलवली असती तर हा उष्मा चारही रंगांना वाटला गेला असता. मग एकट्या निळ्यातच कसा?"

श्रवंतीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "सर, हलवली नव्हती."

"मग या खुणा कुणाच्या?"

ती पडद्याकडे वळली. ती माझं नाव घेणार नव्हती, हे मला तेव्हा कळलं. सगळं स्वतःच्या अंगावर घेणार होती ती मुलगी, मी समोर बसलेला असताना. मी उठलो. इंग्रजीत बोलायचं ठरवलं होतं, तोंडातून मराठी, तेलुगू, दखनी सगळं एकदम आलं.

"सर, माझ्या. न हलवता केल्या. तीनही."

"का?"

"सर, वर तोरण होतं."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी एक. मला आयुष्यभर माझ्या फजितीवर लोक हसलेले आवडले आहेत, मीच हसवतो. त्या दिवशी नको झालं. श्रवंती हसत नव्हती. सरही नाहीत. ते म्हणाले, "बसा." आणि पुन्हा शनिवारच्या कागदाकडे वळले. मग त्यांनी मोठ्या डोंगराच्या उजवीकडे एका टेकाडावर पेन्सिल टेकवली. "हे पांढऱ्यात आहे?"

श्रवंतीनं निळ्याचा आणि पांढऱ्याचा कागद शेजारी धरले. पांढऱ्यात ते जवळजवळ नव्हतं. निळ्यात होतं. उष्मा काढून घेतल्यावरही होतं. मोठ्या डोंगराच्या सावलीत ते आजवर कुणाच्या नजरेत भरलं नव्हतं.

"ही एका दिवसाची मापं," सर म्हणाले. "यावर काही म्हणता येत नाही. पुन्हा करा. सगळं."

पुन्हा म्हणजे सहा महिने. बंगळुरूची जागा जानेवारीत कुणा दुसऱ्याला गेली. श्रवंतीनं ते पत्र माझ्यासमोरच वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. त्या वेळीही 'परवालेदु' म्हणाली असती तर बरं झालं असतं. म्हणाली नाही.

मला मेमो मिळाला, मिळायलाच हवा होता. तीन महिन्यांत निवृत्त झालो. निरोपसमारंभ झाला, टाळ्या पडल्या, आणि पुढच्याच सोमवारी मी नेहमीच्या वेळेला संस्थेच्या फाटकात हजर. मॅडमनी परवानगी काढून दिली होती. दर सोमवारी पॅनलं हलवायची. करीमभाईंनी स्क्रूंना तेल घातलं, मी माझ्या कंबरेला. पानांत चार थर्मामीटर. फेरप्रयोगाच्या अगदी पहिल्या सोमवारी, निवृत्तीआधीच, मी रजिस्टरात खूण केली, आद्याक्षरं घातली आणि रजिस्टर मिटणार, तेवढ्यात श्रवंतीनं ते माझ्या हातातून घेतलं. चारही पॅनलं स्वतः डोकावून पाहिली आणि माझ्या सहीपुढं आपली सही केली. पुढचे सगळे सोमवार तसंच. मी हलवायचो, ती बघायची, सह्या दोन.

टेकाड टिकलं. प्रत्येक चेंबरमध्ये, प्रत्येक आलटापालटीनंतर, निळ्या उजेडाखाली ते उठायचं आणि दिवा पांढरा केला की चार-पाच दिवसांत बसायचं. दीडपट-बिडपट काही नाही, बोटाच्या पेराएवढं. पण उजेडाचं होतं, निव्वळ उजेडाचं. चौथ्यांदा उठलं तेव्हा करीमभाईंनी बाहेरून समोसे आणले. श्रवंतीनं एक माझ्यापुढं सरकवला. डबा उघडून "पहिला तुम्हाला" असं मात्र म्हणाली नाही.

उन्हाळ्यात तिनं प्रबंध दिला, पुढं म्हैसूरला नोकरीही लागली. जायच्या आधी घरी येऊन प्रबंधाची एक प्रत देऊन गेली. बायकोनं तिला जेवायला थांबवून घेतलं. ती गेल्यावर मी प्रत उघडली तर मध्ये मोरपंखीची डहाळी. त्या पानावर प्रयोगाची पद्धत दिली होती. त्यात एक वाक्य होतं: पॅनलांची प्रत्येक अदलाबदल दोन व्यक्तींनी प्रत्यक्ष पाहून स्वाक्षरी केली. वाचणाऱ्याला वाटेल, काय काटेकोर प्रयोगशाळा आहे. दुसरी सही कशासाठी लागली, ते आम्हा दोघांना ठाऊक. डहाळी तिनं विद्येसाठी ठेवली की आठवण राहावी म्हणून, विचारायचा धीर झाला नाही.

हा लेख लिहायला घेतला आणि दसरा आला. मी घराच्या दाराला तोरण बांधत होतो, तर फोन वाजला. म्हैसूरहून.

"अंकल, तोरण बांधलं?"

"बांधतोय."

"कशावर?"

"दारावर. फक्त दारावर."

"एसीची जाळी?"

"मोकळी आहे."

"टोकं?"

"आखूड आहेत गं."

"फोटो पाठवा," म्हणाली आणि फोन ठेवला.

बायको म्हणाली, "अजून चिडलेली आहे का हो ती?" मी म्हटलं, कळत नाही. फोटो काढला. दार, तोरण, शेजारी एसीची मोकळी जाळी, सगळं एका चौकटीत बसावं म्हणून जिन्यात दोन पायऱ्या खाली उतरलो. पाठवला. आणि त्या पाऊण तासाच्या फेरीसारखा फोनकडे बघत बसलो.

उत्तर आलं. शब्द एकही नव्हता. एक बरोबरची खूण, आणि तिच्यापुढं तिची आद्याक्षरं, रजिस्टरात घालायची तशी.